बाबलची खुर्ची: गेममधल्या गावात व्हीलचेअर फिरवताना केलेल्या नोंदी

१५ जून २०२४

मी बनवतोय त्या गेमचं नाव अजून ठरत नाही. कोकणातलं एक गाव, सव्वीस घरं, एक देऊळ, एक किनारा. खेळणाऱ्याने घर शाकारायचं, भात लावायचं, कलमांची राखण करायची, लोकांच्या ओटीवर बसून ओळखी वाढवायच्या. मारामारी नाही. दिवसा मी कुडाळात दुकान सांभाळतो, रात्री नऊ ते साडेअकरा हे काम. इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडो; चित्रांसाठी लिब्रेस्प्राइट. दोन्ही फुकट, म्हणून खर्च फक्त झोपेचा.

गावात व्हीलचेअरवरचं एक पात्र घ्यायचं ठरवलं आहे, बाबल. मामावरून सुचलं. मामाला तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला. पुढची चाळीसेक वर्षं तो कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) लावून काठीवर चालला. खांदे दुखायला लागल्यावर, गेली नऊ वर्षं, खुर्ची. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याचा, हिशेब तोच ठेवतो.

इतरांनी काय केलंय ते आधी पाहिलं. ‘द सिम्स ४’मध्ये जानेवारी २०२३च्या मोफत अपडेटमध्ये श्रवणयंत्रं आली, दंडावर लावायचं साखर मोजणारं यंत्र आलं; कपड्यांसारखंच निवडायचं आणि अंगावर चढवायचं. ‘स्टारड्यू व्हॅली’त (२०१६) जॉर्ज नावाचे आजोबा व्हीलचेअरवर आहेत. गेम मला फार आवडतो, पण जॉर्ज बहुतेक वेळ घरात टीव्हीसमोर सापडतो. माझा मामा घरी कधी सापडत नाही. फोन करूनच जावं लागतं.

आजचं काम म्हणजे पात्र तयार करायच्या पडद्यावर एक यादी टाकली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, ते सगळे जसेच्या तसे.

१६ जून

यादी काढली. सकाळी चहा पिता पिता उघडून बघितली तर तहसीलदार कचेरीतला अर्ज दिसत होता. त्याखाली फोटो आणि अंगठा एवढंच राहिलं होतं.

आता त्या जागी ‘फिरणं’ एवढाच रकाना आहे: पायी, काठी, कुबड्या, कॅलिपर, व्हीलचेअर, सायकल, होडी. सायकल आणि खुर्ची एकाच यादीत आल्यावर ‘अपंग’ लिहू, ‘दिव्यांग’ लिहू की आणखी काही, हा दोन दिवस चाललेला घोळ आपोआप मिटला. तो शब्द पडद्यावर कुठे लागतच नाही.

२२ जून

लॅपटॉप घेऊन मामाकडे. बाबलचे आकडे मी असे ठेवले होते: वेग निम्मा, ताकद निम्मी, ऊर्जा दुप्पट वेगाने खर्च. मामाने चष्मा लावून वाचलं.

“हेची ताकद अर्धी कित्याक?”

मी काहीतरी पुटपुटलो, खेळाचा तोल वगैरे.

“तुझे हात दाखव बघू.” मी दाखवले. त्याने स्वतःचे बाजूला धरले. त्याचा पंजा माझ्या दीडपट, तळहातावर अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडलेला. “रस्तो बरो असलो तर मी तुझ्या फुडे.”

हे खरं आहे. घरापासून तिठ्यापर्यंतच्या डांबरी रस्त्यावर मला त्याच्या बरोबरीने राहायला भराभर चालावं लागतं. आणि तिठ्यापलीकडे, रस्ता उखडलाय तिथे, तो माझ्या निम्म्याने जातो. माणूस तोच, खुर्ची तीच.

रात्री बाबलचे सगळे वजा आकडे पुसले. आता वेग आणि ऊर्जा बाबलकडे नाहीत, जमिनीकडे आहेत. नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला दोन आकडे: पायाला किती जड, चाकाला किती जड. डांबर: पाय १, चाक ०.८. शेणाने सारवलेलं अंगण: १ आणि १. जांभ्याची खडी: १.२ आणि ४. चिखल: २ आणि ९. आकडे अंदाजाचे आहेत, मामाला विचारून दोनदा बदलले.

७ जुलै

पैसे वाया गेल्याची नोंद. बाबलची चित्रं एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतली, ६,५०० रुपये. चार दिशा, प्रत्येकी आठ चित्रं. आली ती हॉस्पिटलातली खुर्ची. जाड हात, मागे ढकलायला उंच दांडे, पाय पुढे टांगलेले, आणि मांडीवर चक्क चादर. चूक त्याची नाही, मी ‘व्हीलचेअरवरचा माणूस’ एवढंच कळवलं होतं. त्याचं वय बावीस. देशातला नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मधला. पोलिओ झालेलं कोणी त्याच्या वर्गात बहुधा नसणार. कॅलिपर म्हणजे काय ते मी त्याला फोनवर सांगत होतो तेव्हा तो गाडीच्या ब्रेकचा भाग समजला.

मग मामाच्या खुर्चीचे चाळीसेक फोटो काढले. बसायला गोधडीची घडी. मागे नायलॉनची पिशवी, तिच्यात हिशेबाची वही आणि पानाचा डबा. ढकलायच्या कड्याला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, का तर पावसात स्टीलचं कडं हातातून निसटतं आणि उतारावर थांबता येत नाही. दुसऱ्या खेपेचे ४,००० दिले. म्हणजे एका पात्राचे साडेदहा हजार. फोटो आधी पाठवले असते तर साडेसहात भागलं असतं.

त्याच भेटीत आणखी एक सापडलं. गेममध्ये पाऊस लागला की सगळी पात्रं छत्री उघडतात. बाबलही उघडत होता. एका हातात छत्री आणि खुर्ची भुतासारखी आपोआप चालतेय. मामा पावसात खोळ पांघरतो, प्लास्टिकची, डोक्यावरून पाठीवर. भातलावणीला बाया घेतात तीच. दोन्ही हात मोकळे. बाबलला खोळ दिली आणि मग वाटलं, लावणीवाल्या बायकांनाही मी छत्र्याच दिल्यात की! त्याही बदलल्या.

१८ जुलै

चालण्याच्या चित्रांबद्दल, थोडक्यात. चालणारं पात्र एकसारख्या वेगाने सरकवलं तरी चालतं. खुर्ची तशी सरकवली की ट्रॉली वाटते. खुर्ची एका ढकलीने पुढे जाते, मग घरंगळते, मंदावते, मग पुन्हा ढकल. वेगाला लाटेसारखी चढ-उतार दिली आणि बाबल एकदम जिवंत झाला. उतारावर हात ढकलत नाहीत, कडं धरून ठेवतात. त्याची चार चित्रं वेगळी लागली. ही मी स्वतः काढली, वाईट आहेत, पण चालतात.

लाइट तीन वेळा गेली. दुसऱ्या वेळी दीड तासाचं काम गेलं. इन्व्हर्टरची बॅटरी मेली आहे आणि मी दर अर्ध्या तासाने गिटमध्ये (कामाच्या प्रती जपणारं साधन) काम टाकतो असं सगळ्यांना सांगत फिरतो.

२८ जुलै

हा आठवडा दारांनी खाल्ला. नकाशाचा चौकोन मी अर्ध्या मीटरचा धरलाय. दार एका चौकोनाचं काढलं होतं, दिसायला छान. म्हणजे पन्नास सेंटिमीटर. खुर्ची साधारण पासष्ट-सत्तरची. गावातल्या सव्वीसच्या सव्वीस घरांत बाबलला शिरता येईना, त्यात त्याचं स्वतःचंही घर आलं. पहिल्या रात्री तो अंगणात उभा राहिला आणि झोपेअभावी बेशुद्ध पडला. सगळी दारं दोन चौकोनांची केली. खोलीत खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर जागा लागते, म्हणजे तीन बाय तीन चौकोन मोकळे हवेत. स्वयंपाकघरं पुन्हा मांडली.

दुसरी चूक उंबरठ्याची. त्याला मी चौकोन समजून जड आकडा दिला होता. पण उंबरठा चौकोन नसतो, दोन चौकोनांच्या मधली रेघ असते. आकडा चौकोनाला दिल्यामुळे ओटीवरच्या ओटीवर, दारासमोरून नुसतं आडवं जातानाही बाबलला नऊपट ऊर्जा लागत होती. गोडोच्या वाट शोधून देणाऱ्या ए-स्टार-ग्रिडमध्ये ‘कॉम्प्युट कॉस्ट’ नावाचं फंक्शन स्वतः लिहिता येतं, त्यात ‘या चौकोनातून त्या चौकोनात’ असा खर्च धरता येतो. चढाला जास्त, उताराला कमी, हेही त्यातच बसलं.

तरी बाबल उंबरठा ओलांडायचाच. हजार लावले, दहा हजार लावले. वाट एकच असेल तर ती कितीही महाग असली तरी गणित तीच निवडतं, हे लक्षात यायला तीन रात्री गेल्या. शेवटी ग्रिड सोडला आणि साधा ए-स्टार घेतला. त्यात बिंदू हाताने जोडावे लागतात. जिथे खुर्ची जाऊच शकत नाही तिथे जोडच द्यायचा नाही. दोन जाळी तयार केली, पायाचं आणि चाकाचं. कोपऱ्यातून तिरकं जाणंही बंद केलं, नाहीतर खुर्ची भिंतीच्या कोनातून आरपार निघते.

कोणी हे करणार असेल तर सुरुवातच दोन जाळ्यांनी करा.

४ ऑगस्ट

आता घरात शिरायचं कसं. अंगणापासून ओटी मी दीड फूट धरली, पंचेचाळीस सेंटिमीटर. उताराचा सरकारी हिशेब एकास बारा: एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी. म्हणजे पाच मीटर चाळीस, अकरा चौकोन. उत्साहात काढला. तो ओटीवरून निघाला, अंगण ओलांडून थेट तुळशी वृंदावनात घुसला.

गावातल्या सगळ्या घरांना उतार लावून टाकावेत असाही एक मोह झाला. खेळायला सोपं, दिसायला चांगलं, आणि साफ खोटं. असं गाव मला तरी माहीत नाही.

मामाच्या घरी काय आहे ते आठवलं. घर डोंगराच्या उतारावर बांधलेलं. पुढून चार पायऱ्या, पण मागीलदारची जमीन घराच्या जोत्याला जवळपास टेकलेली. आजोबांनी तिकडचा उंबरठा काढून जांभ्याचे दोन चिरे तासून तिरके बसवले. मामा लहानपणापासून तिथूनच ये-जा करतो. मला ते घातलं तर अवघड वाटत होतं, बाबलला मागच्या दाराने आत घेतलं असं होईल. मामाला फोन केला. तो म्हणाला, पुढे कोण बसता? खरंच, त्यांच्याकडे पुढच्या ओटीवर फक्त मीटर वाचणारा आणि मतं मागायला आलेले बसतात. बाकी सगळा गाव मागीलदारी, चुलीच्या धुरात, मामाच्या आजूबाजूला.

म्हणून बाबलच्या घरी गप्पांची जागा मागीलदारी सरकवली. खेळणारा पुढून आला तर दार वाजवत बसेल आणि आतून आवाज येईल, मागसून ये. बाकी सात घरांना डोंगरउतारामुळे अशी मागची वाट देता आली. उरलेल्या अठरांत बाबल अंगणापर्यंतच जातो आणि हाक मारतो.

२४ ऑगस्ट

गोडो ४.३ आलं. मोहाला बळी पडून त्यावर गेलो. जुना टाइलमॅप (चौकोनांचा नकाशा) त्यांनी मोडीत काढून प्रत्येक थर सुटा केलाय. बदलायचं बटण आहे, पण माझे चाकाचे आकडे ज्या थरात होते तोच माझा कोड शोधत राहिला. दोन रात्री. काम अर्ध्यावर असताना इंजिन बदलू नये हे मला आधीच माहीत होतं, हीच त्यातली लाजेची गोष्ट.

पुढचे पंधरा-वीस दिवस नोंद नाही. ७ सप्टेंबरला गणपती.

२२ सप्टेंबर

ही नोंद लिहायला नको वाटतंय, पण नोंदी ठेवायच्या तर सगळ्या ठेवू.

जूनमध्ये आराखडा केला तेव्हाच बाबलची एक मोठी गोष्ट लिहून ठेवली होती. खेळणाऱ्याने गावभर फिरून पैसे जमवायचे, बाबलचं मुंबईत ऑपरेशन, आणि शिमग्याला पालखी येते तेव्हा बाबल गर्दीतून चालत पुढे येतो. ढोल वाजतात. संवाद लिहून झाले होते, पालखीची चित्रं झाली होती, मोजून अकरा रात्रींचं काम. गणपतीत मामाला दाखवलं. त्याने शेवटपर्यंत पाहिलं, मोदक खात.

“खुर्ची खय गेली मगे?”

“म्हणजे?”

“तो चलाक लागलो. खुर्ची खय ठेवलान? चांगली होती रे ती.”

त्याहून जास्त काही बोलला नाही. घरी येताना गाडीवर मला आठवलं की पोलिओत मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, असं ऑपरेशनच नसतं. मामाला ते तिसऱ्या वर्षापासून माहीत आहे आणि मी त्याच्याचवरून पात्र काढून त्याला ते दाखवत होतो.

सगळं काढलं. पालखी ठेवली. पालखी आता मागीलदारी येते, बाबल तिच्यावर नारळ ठेवतो, आणि भोयांना चहा पाजायचा की सरबत यावर त्याचं आणि त्याच्या बहिणीचं भांडण होतं. ते भांडण लिहायला चाळीस मिनिटं लागली आणि ज्याने-ज्याने खेळून बघितलं तो प्रत्येक जण त्यावर हसला.

१३ ऑक्टोबर

‘मदत करा’ बटण. बाबलजवळ गेलं की ते दिसायचं, दाबलं की खेळणारा खुर्ची ढकलायचा आणि मैत्री वीस गुणांनी वाढायची. लोक चाचणीत हेच दाबत बसले. एकाने बाबलला सकाळपासून गावभर ढकललं, दुपारपर्यंत जिवलग मित्र.

स्टारड्यूतला एक प्रसंग इथे कामाला आला. जॉर्जला पेटीतलं पत्र काढायला हात पुरत नसतो. पेनी न विचारता त्याची खुर्ची बाजूला सारून पत्र काढून देते आणि तो चिडतो. पहिल्यांदा खेळलो तेव्हा मला म्हातारा खडूस वाटला होता. यावेळी तो प्रसंग मामाला दाखवला. मामा म्हणाला, बाजारात असं महिन्यातून एकदा होतंच, आणि ढकलणाऱ्याला समोरचा खड्डा दिसत नाही, कारण समोर मामा असतो. “हात लावच्या आधी इचार. तुझा काय जाता?”

आता बटणावर ‘विचारा’ असं आहे. बाबल बहुतेक वेळा नको म्हणतो. नको म्हटल्यावर गुण कमी होत नाहीत, वाढतही नाहीत. चढावर, खडीवर कधीकधी हो म्हणतो, आणि मग ढकलायचं नसतं, मागून फक्त धरून ठेवायचं असतं. न विचारता खुर्चीला हात लावला तर तो ब्रेक लावतो आणि खेळणारा स्वतःच धडपडतो. हे ब्रेकचं मला फार आवडलंय, गरज नसताना मी ते दिवसातून चारदा करून बघतो.

१६ नोव्हेंबर

आजचा दिवस महागात पडला आणि सगळ्यात कामाचा.

प्रश्न वाळूचा. रापण किनाऱ्यावर ओढली जाते, बाबलने हिशेबाला तिथे असायला हवं, आणि माझ्या नकाशात वाळू चाकाला १५. म्हणजे तो रस्त्याच्या कडेला सुरूच्या झाडाखाली बसून लांबून बघायचा. मी तोच शेवटचा उपाय समजून चाललो होतो. मामा प्रत्यक्षात तिथे कसा पोचतो ते मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. पोचलेलाच बघितला होता.

काल कार्तिकी पौर्णिमा झाली, उधाणाचे दिवस. दुपारी तीनला गेलो. ओहोटी लागली होती, पाणी आत सरकत होतं. रस्ता संपतो तिथून कोरडी भुसभुशीत वाळू, वीसेक पावलं. तिच्यावर मच्छीमारांनी पोफळी चिरून केलेल्या पट्ट्या दोरीने बांधून टाकल्यात. त्या मामासाठी टाकलेल्याच नाहीत, मासळीच्या पाट्या वाहताना पाय रुततात म्हणून टाकल्यात. त्यावरून मामा सरळ गेला. पट्ट्या संपल्या तिथून त्याने खुर्ची वळवली आणि उलटा निघाला.

“फुडली चाका बारीक. ती रुततत. मोठी चाका फुडे घालूची.”

पाठमोरा, मान वळवून, कडं स्वतःकडे ओढत तो ओल्या वाळूपर्यंत पोचला, आणि तिथे परत सरळ झाला. भरतीच्या पाण्याने दाबून बसलेली ओली वाळू रस्त्यासारखी कडक असते. तिथून रापणीपर्यंत दोनशे मीटर त्याने मला मागे टाकलं. मागे वळून पाहिलं तर वाळूवर चाकांच्या दोन रेघा, मध्ये काहीच नाही, आणि बाजूने माझ्या चपला.

परत कधी यायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं असतं. भरती लागली की कडक पट्टा अरुंद होत जातो. ओहोटी रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते. त्याला तिथी विचारा, वेळ सांगतो. अष्टमीच्या आसपास, भांगाला (भरती-ओहोटी लहान असते तेव्हा), पाणी फार आत जात नाही, तेव्हा पट्टा कमी मिळतो आणि तो रस्त्यावरच थांबून आरडाओरड करून हिशेब घेतो.

हे पाहण्याच्या नादात माझा फोन ओल्या वाळूत पडला. दुरुस्ती २,२००.

२४ नोव्हेंबर

भरती-ओहोटी गेममध्ये घातली. आधी समुद्र म्हणजे हलणारं एक निळं चित्र होतं. आता वाळूचे चौकोन दिवसातून दोनदा ओले होतात, दोनदा कोरडे; ओले झाले की चाकाचा आकडा १५वरून १.३. वेळ रोज पन्नास मिनिटं पुढे. उधाण आणि भांग तिथीवरून. उलटं जायचं चित्र मीच काढलं, मान वळवलेली नीट जमली नाही, बाबल आकाशाकडे बघतोय असं वाटतं.

पट्ट्यांऐवजी आधी मी माडाच्या झावळ्यांचे झाप घातले होते, दिसायला सुंदर. मामा नको म्हणाला. झाप चाकात गुंडाळला जातो. पोफळीच्या पट्ट्याच ठेवल्या, आणि त्या गावातल्या कोणीही टाकू शकतं. टाकल्या की कोळणीच्या पाट्यांचा वेगही वाढतो.

फसलेली गोष्ट: चाकाचं जाळं मी गेम सुरू होताना एकदाच बांधायचो. भरती आली तरी बाबलची वाट जुनीच, तो पाण्यातून चालवत होडीखाली जाऊन अडकला. आता दर अर्ध्या तासाला (गेममधल्या) फक्त किनाऱ्याचा भाग पुन्हा जोडतो. माझ्या सात वर्षांच्या लॅपटॉपवर एक बारीक गचका बसतो. चालवून घेतो.

८ डिसेंबर

काजू कारखान्यात काम करणारी सुली हे दुसरं पात्र, तिला ऐकू येत नाही. सोळा पिक्सेलच्या चित्रात हात म्हणजे दोन ठिपके, त्यात खुणा दिसणार कशा? म्हणून संवादाच्या वेळी चेहरा आणि हात मोठे दाखवायचे ठरवलं. इंटरनेटवरून अक्षरांच्या खुणा बघून बारा चित्रं केली आणि मग कळलं की त्या अमेरिकन आहेत, एका हाताच्या. भारतीय सांकेतिक भाषेत बोटांनी अक्षरं दोन्ही हातांनी करतात. बारा चित्रं कचऱ्यात. आणि मुळात गावात कोणी अक्षर अक्षर जोडून बोलत नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे व्हिडिओ बघून चार खुणा घेतल्या: जेवण, काम, घर, उद्या. खेळणाऱ्याला त्या हळूहळू शिकाव्या लागतात. शिकला नाही तर सुली वहीत लिहून देते आणि कंटाळते. या बाजूचं काम अजून कच्चं आहे. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही असा कोणी बघायला मिळेपर्यंत ते कच्चंच समजा.

२२ डिसेंबर

देवळाला जांभ्याची पाखाडी आहे, बासष्ट पायऱ्या. ती तोडणार नाही. मागून गाडीरस्ता आहे, लांबचा. बाबल रिक्षाने जातो, खुर्ची मिटून मागे. पण सगळी पात्रं सातच्या आरतीला पावणेसातला घरून निघायची आणि बाबल रोज प्रसादाला पोचायचा. आता कोणी किती वाजता निघायचं ते ज्याच्या-त्याच्या वाटेच्या लांबीवरून निघतं. बाबल सव्वासहाला निघतो. गुडघे दुखणारी आजी सहाला. हे दोन ओळींचं काम होतं, जूनमध्येच करायला हवं होतं.

५ जानेवारी २०२५

मामाने पहिल्यांदा पूर्ण गेम स्वतः खेळला. कुडाळला आणलं त्याला, दुकानात, शटर अर्धं ओढून. मला वाटलं बाबल घेईल. त्याने खेळायला घेतली काजूवाली सुली, आणि दीड तास लोकांच्या बागेतले आंबे चोरले. बाबलकडे ढुंकून बघितलं नाही. मी मागे उभा राहून खुणावत होतो, अरे तिकडे जा, भरती बघ, उलटं जाणं बघ. एकदा गेला. बाबल उलटा चालला होता. “बरां,” म्हणाला, आणि पुढे गेला.

रापण आली. जाळं ओढलं, मासळी पडली, वाटे झाले. तिथे तो थांबला. वाट्यांच्या यादीवर बोट ठेवून दोनदा वरून खाली गेला.

“हिशेब करणाऱ्याचो वाटो खय?”

मी बघितलं. कोडमध्ये मी वाटा दिला होता ‘ओढणारे’ या यादीतल्यांना, आणि त्या यादीत दोर ओढण्याचं चित्र ज्यांना आहे तेच येतात. बाबलला ते चित्र नाही. म्हणून त्याला वाटा नाही, आणि मग शेजारी संध्याकाळी त्याला चार बांगडे ‘भेट’ म्हणून देतात, हे मी स्वतः ऑगस्टमध्ये लिहिलं होतं, गोड वाटलं म्हणून.

मामाने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “भेट कसली? आधी वाटो घाल, मगे दाखव.”

८ जानेवारी

यादीचं नाव ‘ओढणारे’ऐवजी ‘कामावर असलेले’. आधी जाळ्याचा वाटा काढायचा, मग उरलेल्याचे माणशी वाटे, बाबलचा त्यातच. मामाने फोनवर तीन वेळा तपासून घेतलं. चार बांगड्यांची भेट काढली. अजून एक बग आहे, सोळा माणसांत सत्तावन्न बांगडे वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला साडेतीनच्या वर काहीतरी येतं. मामा म्हणतो, उरलेले नऊ त्याच्या वहीत देवाच्या नावावर जातात. उद्या रात्री ते घालतो.